तीन औषधे एकत्र का घ्यावी लागतात: एआरटीचा माझा अनुभव

माझ्या यजमानांना २००१ साली एचआयव्हीचे निदान झाले, तेव्हा यावरची औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळत नव्हती. एका खासगी दवाखान्यात त्यांना दोनच औषधे लिहून दिली गेली, आणि तीही ज्या महिन्यात पैशांची सोय होई त्याच महिन्यात आणली जात. सुरुवातीला ताप थांबला, अंग धरू लागले आणि आम्हा सर्वांना उभारी आली. पण पुढे औषध पोटात जात असतानाच प्रकृती पुन्हा ढासळू लागली आणि २००३ मध्ये ते गेले. औषध चालू असताना असे का व्हावे, याचा उलगडा मला स्वतःच्या उपचाराच्या वेळी झाला.

१ एप्रिल २००४ पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारा औषधांचा एकत्रित उपचार, सुरू झाली, त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. मला उपचार मिळाला तो २००६ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात. त्या काळी सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची मोजणी) दोनशेच्या खाली उतरल्याशिवाय बहुतेकांना औषध सुरू होत नसे. माझा ११२ होता. आधी क्षयरोग नाही ना हे पाहिले, यकृत आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या झाल्या, आणि मगच समुपदेशक ताईंनी मला समोर बसवून कागदावर रेघा काढत सगळे समजावले. हा विषाणू शरीरात रोज प्रचंड संख्येने आपल्या प्रती काढतो आणि प्रत काढताना सतत चुका करतो. त्यांतली एखादी चूक नेमकी अशी असते की एका औषधाचा त्या प्रतीवर परिणामच होत नाही, आणि मग तीच फोफावते. तीन औषधे एकाच वेळी रक्तात असली, तर तिन्हींना चुकवणारे बदल एकाच प्रतीत जुळून यावे लागतात, आणि मुळात प्रती काढणेच थांबलेले असल्याने तशी संधी जवळजवळ उरत नाही. मात्र डोस चुकत राहिले की ती संधी आपणच देतो. यजमानांच्या बाबतीत काय घडले असावे, हे ताईंनी वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

माझ्या गोळीत स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन अशी तीन औषधे होती. पहिले दोन आठवडे सकाळी तिन्हींची गोळी आणि संध्याकाळी नेव्हिरॅपिन नसलेली, कारण ते एकदम पूर्ण दिले तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. दर महिन्याला उरलेल्या गोळ्यांची डबी सोबत न्यायची; त्या टेबलावर ओतून मोजल्या जात आणि हिशेब हिरव्या पुस्तिकेत लिहिला जाई. काहींना हा अविश्वास वाटे. मला मात्र त्या मोजणीचा फार आधार वाटला, कारण माझ्या गोळ्यांची काळजी करणारे आणखी कोणीतरी आहे, हे त्यातून कळत होते. सहा महिन्यांनी सीडी४ २४० झाला, आणि मी पुन्हा शेतावर कामाला जाऊ लागले.

त्रास झालाच नाही, असे मी म्हणणार नाही. काही वर्षांत स्टॅव्ह्युडिनमुळे गाल आत गेले आणि रात्री तळपायांची आग होऊ लागली. चेहऱ्यावरून लोकांना कळेल, ही भीती त्या आगीपेक्षा मोठी होती. स्टॅव्ह्युडिनऐवजी झिडोव्ह्युडिन हे औषध देता येते, पण त्याने हिमोग्लोबिन उतरू शकते आणि माझे तर आधीच कमी, म्हणून मला टेनोफोव्हिर दिले गेले. आग हळूहळू कमी झाली, गाल मात्र पूर्ण भरले नाहीत.

२०२१ मध्ये व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) तपासून मला टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची दिवसातून एकच गोळी सुरू झाली. डोल्युटेग्राव्हिर विषाणूला आपल्या पेशींच्या जनुकांत शिरू देत नाही. अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे तपासणीत विषाणू आढळला नाही, असे छापून आले, तेव्हा आता बरी झाले का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की काही पेशींत विषाणू निद्रिस्त राहतो, त्या निद्रिस्त विषाणूवर ही औषधे परिणाम करत नाहीत, आणि गोळी थांबवली तर तो काही आठवड्यांत पुन्हा रक्तात दिसू लागतो. मला हे खरे उत्तर आवडले.

आता केंद्रात नव्याने येणाऱ्यांना सीडी४ घसरण्याची वाट पाहावी लागत नाही; २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार मिळतो. परवा रांगेत एक नवे जोडपे भेटले, मुलगा बाधित आणि मुलगी नाही. नियमित औषधाने व्हायरल लोड दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ताईंनी त्यांना सांगितले. पुण्यातील जोडप्यांनीही ज्यात भाग घेतला होता, त्या नऊ देशांतल्या अभ्यासात लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्येच दिसले होते. त्या मुलीने पुढचा प्रश्न मुलाबाळांविषयी विचारला, आणि ताईंनी दोघांना आत बोलावून घेतले.

माझ्या तपासण्यांत आता टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही पाहिले जाते. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी लिहून दिली आहे. ती उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरसोबत घेतली तर त्याचे शोषण कमी होते, म्हणून एआरटीची गोळी रात्री आणि कॅल्शियम सकाळी न्याहारीनंतर, असे मी ठरवून घेतले आहे.