शंभर यार्डांच्या आत

शाळेच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असं रंगवायला एक दुपार पुरते. फलक लावायचे, मुलांमधून एक मॉनिटर नेमायचा, प्रतिज्ञा घ्यायची, फोटो काढून अपलोड करायचे. हे सगळं भराभर उरकतं. गाडी अडते ती पिवळ्या रेषेपाशी. शाळेच्या हद्दीपासून १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, रस्त्यावर पिवळी रेषा ओढायची आणि तिच्या आत तंबाखूची विक्री होऊ द्यायची नाही. रेषा ओढायची तर मोजावं लागतं, आणि मोजायला कुणी उत्साहानं पुढे येत नाही, कारण आत कोणाचा ठेला सापडणार हे गावाला आधीच ठाऊक असतं.

मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते यावर पानठेल्यावर तासभर वाद घालता येतो, पण बंदी आहे आणि ती बायांनी लढून मिळवली आहे. खर्ऱ्याचं तसं नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते : भाजलेल्या सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन घोटायचा, काळपट ओलसर झाला की त्याच पन्नीत बांधायचा, आणि चिमूट चिमूट करत दिवसभर गालात ठेवायचा. त्यात पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी आहे, तरी तो मिळतो. पाहुणा आला की पाण्याआधी खर्रा पुढे होतो. लग्नाच्या बोलणीत होतो, मयतीत होतो. सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, ८५ टक्के जागा व्यापणारं. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच नसतं. ती पारदर्शक असते.

२०१६ मध्ये राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी मिळून जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूमुक्तीचं अभियान सुरू केलं. त्यातून गावोगावी संघटना उभ्या राहिल्या. आमच्या गावातल्या संघटनेत बचत गटाच्या बाया, आशाताई, पोलीस पाटील, सरपंचबाई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि शाळेकडून मी. कागदावर भारदस्त दिसते. बैठकीला मात्र निम्मे लोक गालात खर्रा धरून येतात आणि बोलायची पाळी आली की बाहेर जाऊन थुंकून येतात.

त्या दिवशी सकाळी रोजगार सेवकानं त्याची ३० मीटरची टेप आणली. फेब्रुवारीची सकाळ होती, धान निघून गेलेलं, लोक रिकामे, त्यामुळे आमच्यामागे चांगलीच वरात जमली. शाळेच्या फाटकापासून रस्त्यानं मोजत चौकापर्यंत गेलो तर चौकातला ठेला शंभर यार्डांच्या बराच बाहेर निघाला. रस्ता बोडीला, म्हणजे छोट्या तळ्याला, वळसा घालून जातो. अध्यक्ष म्हणाले, “झालं जी मॅडम, बाहेर आहे. मारा रेषा.”

नियम मात्र तसा नाही. अंतर रस्त्यानं मोजायचं नसतं, शाळेच्या कुंपणापासून चहूबाजूंना सरळ रेषेत मोजायचं असतं. मी नियमाची झेरॉक्स सोबत ठेवली होती, कारण हा वाद येणार हे दिसत होतं. मग टेप सरळ निघाली. एका घराच्या सांदवाडीतून म्हणजे परसातून, वांग्यांच्या वाफ्यावरून, गोठ्याच्या आडव्या बल्लीखालून. ज्यांची सांदवाडी होती ते म्हातारे आबाजी बाहेर येऊन ओरडायला लागले की माझ्या जागेतून सडक काढून रायले. त्यांची समजूत काढण्यात इतका वेळ गेला की तेवढ्यात टेप बकरीनं ओढून नेली. पुन्हा मोजलं. ठेला आत होता. फार नाही, चारपाच पावलांनी.

ठेला चालवणारी बाई विधवा आहे. तिला सगळे मावशी म्हणतात. मावशीनं आरडाओरडा केला नाही. घोटत होती ती पन्नी बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, “मॅडम, माह्या ठेल्यावर पोट्टे खर्रा खात नाहीत जी. पोट्टे नेतात.”

“कोणासाठी?”

“आता मी काय सांगू. हे उभे आहेत त्यायच्यासाठीच.”

आणि तिनं एकेकाकडे हात करून सांगायला सुरुवात केली. पाटलाचा नातू सकाळी शाळेत जाता जाता दोन नेते. अध्यक्षाचा पोरगा मधल्या सुट्टीत. रोजगार सेवकाची पोरगी उधारीवर नेते, वहीत लिहून आहे. कोणाच्या खर्ऱ्यात चुना कमी, कोणाला बारीक सुपारी, हे त्या लेकरांना पाठ आहे. टेप धरून उभ्या असलेल्या माणसांपैकी फार थोडे त्या यादीतून सुटले. “ठेला हटवा न,” ती म्हणाली, “तिकडं पलीकडच्या वस्तीत, टोलीवर नेतो. पोट्ट्यायले अजून दूर चालावं लागन, इतकंच.”

पाटील चिडले. अध्यक्ष हसले, पण हसू ओढूनताणून आणलेलं होतं. रेषा त्या सकाळी मारली गेली नाही.

कायद्याची गंमत मला त्या क्षणी प्रथम नीट कळली. २००३ च्या तंबाखू कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला विकलं किंवा शाळेच्या शंभर यार्डांत विकलं तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ७७, मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड. एकाच पुडीसाठी एकीकडे दोनशे रुपये, दुसरीकडे सात वर्षं. दोन्हीकडे पकडली जाणार मावशी. दहा वर्षांच्या पोराला हाक मारून, पैसे देऊन, “जा रे, एक घोटून आण” म्हणणारा बाप विकत नाही आणि पोराला देतही नाही, उलट पोराकडून घेतो. त्याच्यापर्यंत ही कलमं सहसा पोचत नाहीत.

दुपारी वर्गात गेले. सहावी, सातवी, आठवीच्या मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. ‘तू खर्रा खातोस का’ हा प्रश्न आम्ही दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी ‘नाही’ असं उत्तर सुवाच्य अक्षरात मिळतं. या वेळी फळ्यावर लिहिलं : तू कोणासाठी आणतोस? नाव लिहायचं नाही.

चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये उघडल्या. बाबा, आजोबा, मोठा भाऊ, मामा. आजीसाठी नस, म्हणजे तंबाखूची पूड, हे बऱ्याच मुलींनी लिहिलं होतं. आईसाठी नस, हेही. एकानं लिहिलं होतं, ‘बाबासाठी आणतो आणि घोटून पण देतो, बाबाच्या हाताले वेळ नाही राहत.’ एकीनं, ‘पन्नीत चिकटलेला उरते तो भाऊ चाटते.’ सुरुवात कुठे होते हे सांगायला मी पोस्टर शोधत होते, ते या चिठ्ठीत होतं. मुलांना बिघडवणारा कुणी अनोळखी इसम शाळेच्या फाटकापाशी उभा असतो, असं चित्र आपल्या प्रबोधनाच्या पथनाट्यांत असतं. आमच्या गावात असा कुणी नाही. पोरगं पहिली चिमूट घरातल्या उरलेल्या पन्नीतून घेतं, आणि तोवर ते कामाचं पोरगं म्हणून गाजलेलं असतं.

एक चिठ्ठी अशी होती : ‘आपल्या सरांसाठी.’

सर शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी ती वाचली की नाही मला सांगता येत नाही. मी ती घडी करून पर्समध्ये टाकली.

ग्रामसभा संध्याकाळी होती. तालुक्याच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी भाषण केलंच नाही. म्हणाल्या, आपल्याच हाताची तीन बोटं एकमेकांना जोडा, उभी करा आणि तोंडात घाला. निरोगी माणसाची तिन्ही जातात. सगळा मांडव हसायला लागला. बाया पदराआड करून बघायला लागल्या. मग हसणं विरळ होत गेलं, कारण चाळिशीतल्या धडधाकट गड्यांची दोनच बोटं जात होती, एकाचं तर एकच. तो म्हणाला, “मले वाटे भाकर जाड झाली म्हणून खाता येत नाही.” डॉक्टर मॅडमनी सांगितलं की सुपारीमुळे गालाची आतली कातडी आवळत जाते, तंबाखू नसला तरी, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. ‘आम्ही नुसती सुपारीच देतो लेकराले’ म्हणणाऱ्या आज्या समोरच बसल्या होत्या.

त्यानंतर मी चिठ्ठ्या वाचल्या. नावं नव्हतीच, तरी प्रत्येकाला आपलं पोर ओळखू येत होतं. सरांची चिठ्ठी वाचली नाही. काहींना हे पटणार नाही. पण तशी वाचली असती तर सभा सरांची झाली असती, आणि बाकी सगळे बाप सुटकेचा श्वास टाकून घरी गेले असते.

सरपंचबाईंनी मावशीला ५०० रुपये दंडाचा ठराव मांडला. बचत गटाची अध्यक्ष उठली. तिचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारा. “मावशीले काहून? पोराले धाडन त्याले करा दंड.” गदारोळ झाला. माणसं म्हणाली, बायांची नस कोण आणते ते सांगा आधी. बाया क्षणभर गप्प झाल्या आणि मग ती अध्यक्षच म्हणाली, “आमाले बी करा.” तिथून सभा फिरली. रात्री उशिरापर्यंत घासाघीस होऊन ठरलं ते असं : लेकराला खर्रा, नस, बिडी आणायला कुणी धाडायचं नाही; धाडलं तर दंड धाडणाऱ्याला, पहिल्या वेळी ५०, मग १००. लेकरू आलं तर मावशीनं द्यायचं नाही आणि कोणी धाडलं ते आशाताईला सांगायचं. ठेला रेषेबाहेर न्यायचा. हा दंड कायद्याच्या कुठल्या कलमात बसतो, असं ग्रामसेवकानं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, ठराव मात्र लिहून घेतला.

सरांशी दुसऱ्या दिवशी रस्त्यातच बोलले. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मुक्तिपथच्या तालुक्यातल्या क्लिनिकला जाऊन आले, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. सुटलं का, तर नाही. कमी झालं आहे. पोराला मात्र धाडत नाहीत, स्वतः चालत जातात.

दंड आजवर मोजक्याच लोकांनी भरला, त्यात पोलीस पाटील आहेत. आबाजींनी भरायला साफ नकार दिला. माझे पाय दुखतात, मग मी काय करू, म्हणाले. नातवाला धाडायचे, आता सुनेला धाडतात. सून कुरकुरते. ठरावात सुनेचा उल्लेख नाही.

मावशीचा ठेला टोलीच्या बाजूला गेला आणि गल्ला पडला. ‘पोट्टे नेतात’ हे तिचं खरं होतं. निम्मं गिऱ्हाईक पोरांच्या पायांवर चालत होतं. ती बचत गटाकडे कर्ज मागायला आली, भजी आणि चहा सुरू करायला. गटात दोन तट पडले. एक म्हणे, खर्रा पूर्ण बंद कर मग देतो. दुसरं म्हणे, आधी पोट भरू द्या, मग बंद करायला सांगा. गेल्या बैठकीत रक्कम मंजूर झाली, व्याजदरावर अडलं आहे.