स्काउटचे सर आणि कोरा चहा

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिहा, असा निरोप आला. शाळा म्हटली की मला स्काउटचे सरच आठवतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणितात माझे काय दिवे लागत होते ते त्यांनाही ठाऊक आहे.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही पिंपळाखाली. दोन लाठ्या नि दोन सदऱ्यांचं स्ट्रेचर, डोळे बांधून बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ. गाठ सुटली की सर म्हणायचे, "याच्यावर तुह्या भावाले लटकवशीन का बे?"

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव नेलं. २०४ माणसं गेली. आपल्या भागात हे कोणाला सांगावं लागत नाही, प्रत्येकाच्या नात्यातलं कोणीतरी तिथं होतंच. पाणी उतरल्यावर सर आम्हा नववीच्या पोरांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेऊन गेले. घराघरांतला गाळ घमेल्यानं बाहेर काढायचा, एवढंच काम. दुपारी एका घरच्या आजीनं विटांच्या चुलीवर कोरा चहा मांडला. कप एकच, तोही कान तुटलेला. तिचं सगळं वाहून गेलेलं, तिचा चहा कसा प्यायचा? आम्ही सगळे "नको आजी, नको आजी." सरांनी मला बाजूला ओढलं. "काहून नाही म्हनतं बे? चार दिवसांपासून लोकायच्या हातचंच घेऊन रायली ते. आता तिले देऊ दे." मग आधी स्वतः प्याले. साखर नव्हती. एकच कप सगळ्यांत फिरला. आजी आम्हाला बघत बसली, मग म्हणाली, "कोन्या गावचे हो पोट्टे?"

पुढे मी सीआरपीएफमध्ये भरती झालो, तिथून एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात गेलो. ११ मार्च २०११ ला जपानला ९.० तीव्रतेचा भूकंप आणि त्सुनामी आली. भारतानं ४६ जणांचं पथक पाठवलं. एनडीआरएफची परदेशातली ती पहिलीच कामगिरी, आणि त्यात शाळेचा हा विद्यार्थी होता. मियागी प्रांतातलं ओनागावा हे मासेमारीचं गाव. सिमेंटच्या इमारती पायासकट उपटून आडव्या पडलेल्या. वरून बर्फ. दक्षिणेला फुकुशिमाचा अणुप्रकल्प, त्यामुळे घरच्यांना वेगळीच काळजी. जिवंत कोणी सापडायचे दिवस उलटून गेले होते. आम्ही मृतदेह शोधत होतो, म्हणजे घरच्यांना निदान अंत्यविधी करता यावा.

एक आजोबा रोज येऊन उभे राहायचे. एके दिवशी त्यांनी कागदात गुंडाळलेले भाताचे दोन गोळे पुढे केले. छावणीत त्यांना मिळालेलं जेवण असावं. आमचा शिधा आम्ही सोबत नेला होता, सोबती हात हलवून नाही म्हणू लागले. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथंच तुळईवर बसून खाल्लं. आजोबांनी दुभाष्याकडून गाव विचारलं. तिथं समुद्र आहे का? म्हटलं, समुद्र नाही, नदी आहे, तिनंही एकदा गाव नेलं होतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले. २००१ साली भूजच्या भूकंपात जपानचे डॉक्टर आले होते, हे त्या दुभाष्यानंच सांगितलं. पेपरात मात्र किती माणसं गेली नि किती घोंगड्या पाठवल्या, एवढंच येतं.

परतल्यावर सरांना भेटलो, सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "भात कसा होता?" म्हटलं, मधोमध आंबट फळ होतं. खूप हसले. सर आता नाहीत. २०२३ च्या भूकंपानंतर 'ऑपरेशन दोस्त' या भारताच्या मदत मोहिमेत तुर्कस्तानला गेलेली काही पोरं माझ्याकडे दोर शिकलेली आहेत. त्यांना गाठींच्या आधी मी कोऱ्या चहाची गोष्ट सांगतो.

मागच्या दिवाळीत शाळेत आलो होतो. स्काउटच्या खोलीत कॉम्प्युटर आलेत, चांगलंच आहे, पण लाठ्या कुठे गेल्या ते शिपायालाही माहीत नव्हतं. शनिवारी पिंपळाखाली मोटरसायकली लागतात. महोत्सवासाठी पैशांऐवजी दोन दोर पाठवतो आहे. कपाटात कुलूप लावून ठेवू नका, पोरांच्या हातात द्या. झिजले की कळवा, दुसरे पाठवीन.