दहाच्या नोटेवरचे देशमुख

आज आईची जुनी ट्रंक आवरताना तळाच्या कागदाखाली दहाची एक नोट सापडली. घडीवर फाटायला आलेली, सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली.

लेकाने ती उजेडात धरली आणि म्हणाला, "राजा इंग्रज, आणि सही देशमुखांची?"

दुपारपासून तेच डोक्यात आहे.

सही सी. डी. देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावात जन्म, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे ठरली त्या परिषदेत, भारताच्या शिष्टमंडळात. १९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका-युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमलं, अमेरिकेकडून गहू मिळवायची प्राथमिक बोलणी त्यांनीच केली. आपल्याला मात्र आठवतो तो मुंबईसाठी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा, १९५६चा. (तोही परीक्षेपुरता.)

घरात पत्नी रोझिना, इंग्रज. मुलीचं नाव प्रिमरोझ. आणि हाच माणूस 'मेघदूत' मराठीत आणत होता! रोझिना गेल्यानंतर, १९५३ मध्ये संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी नोंदणी विवाह. साक्षीदारांत खुद्द पंतप्रधान.

सही अगदी छोटी आहे हो. आईने ही एकच नोट का जपली असेल? आता विचारायचं कुणाला?