आईने ख्रिस्तोफरला बघून घेतलं

इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या पिकरिंगला आम्ही गेलो ते वाफेच्या इंजिनाच्या गाडीसाठी. गाडीला दीड तास होता आणि पाऊस थांबेना, म्हणून बाजारातून पायऱ्या चढून सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चमध्ये शिरलो. आई सोबत होती.

आत पाऊल टाकताच समोर भिंतीवर भलाथोरला संत ख्रिस्तोफर, खांद्यावर बाळ येशू. त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, असं पूर्वी मानायचे. म्हणून तो दारासमोर. कामाच्या घाईत नुसतं डोकावलं तरी भागायचं.

ही चित्रं पंधराव्या शतकातली. तेव्हाची उपासना लॅटिनमध्ये, वेदी लाकडी जाळीपलीकडे. गावकऱ्यांच्या वाट्याला या भिंती. झाडाला बांधलेला, संत मानला गेलेला राजा एडमंड तर मी किती वेळ बघत होतो: उघड्या अंगात बाणच बाण, दोन्ही बाजूंना धनुर्धारी, आणि चेहरा असा की जणू फोटो काढायला उभा आहे. आई म्हणाली, "शरपंजरी भीष्मच की रे. हा उभा, एवढंच."

मग राजांची मर्जी फिरली. इथे बाराव्या शतकातल्या आर्चबिशप थॉमस बेकेटच्या खुनाचंही चित्र आहे. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीने बेकेटच्या प्रतिमा देशभरातून हटवायला लावल्या. आपल्या काळच्या राजाशी भांडून मेलेला संत राजाला कसा चालावा? हेन्रीचा मुलगा एडवर्ड याच्या कारकिर्दीत बाकीच्या संतांवरही संक्रांत आली. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक, पाठोपाठ दगडी वेदीच्या जागी लाकडी टेबल. भिंतींना चुना. बघायचं चर्च ऐकायचं झालं. लांबलचक प्रवचन उभ्याने कोण ऐकणार? बाकांना महत्त्व आलं.

१८५२ मध्ये चुन्याखालून चित्रं डोकावली, तर तेव्हाच्या व्हिकरनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, पुन्हा चुना फासला! भाविकांचं लक्ष उडेल म्हणे. (प्रवचनावर एवढाच भरवसा?) पुढे काही वर्षांनी ती उघडली आणि सढळ हाताने दुरुस्तही केली. त्यामुळे एडमंडचा तो निर्विकार चेहरा मूळ चित्रकाराचा की दुरुस्ती करणाऱ्याचा, ही शंका मला गाडीतही छळत होती.

आई बाकावर बसली. बाकांची तोंडं वेदीकडे, त्यामुळे चित्रं बघायला मान वर करून वळवावी लागते. "मान आखडली," म्हणत ती उठली.

दारात मात्र ती थांबली आणि मागे वळून ख्रिस्तोफरला नीट बघून घेतलं.

"पायऱ्या ओल्या आहेत," म्हणाली.