आठशेच्या खालचा रोल

"आठशेच्या खालचा रोल आहे ना? मग काही होत नाही," विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्या कॅमेऱ्याच्या फिल्म रोलबद्दल तो कर्मचारी समजावणीच्या सुरात म्हणाला. समोर होतं नवं सीटी स्कॅनर.

आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा; ८०० चा तो हिशोब जुन्या एक्स-रे यंत्रांचा. सीटी स्कॅनर सामान सगळ्या बाजूंनी पाहतं, किरणांची मात्राही जास्त. त्यात ४०० किंवा त्याखालचा रोलही धुरकट होऊ शकतो. फिल्म बनवणारं कोडॅकही सीटी टाळायलाच सांगतं.

पारदर्शक पिशवीतले रोल पुढे करून मी हातानं तपासायची विनंती केली. त्यानं प्रत्येक डबी उघडून पाहिली, परत दिली. मनापासून आभार मानले, कारण सगळीकडे कुणी ऐकतंच असं नाही. (चेक-इन बॅगेत तर रोल कधीच टाकू नका, तिथली किरणं फारच तीव्र असतात.)

पण ते "काही होत नाही" डोक्यातून जाईना. डेव्हलप न केलेल्या रोलवर काय उमटलंय ते दिसतच नाही. नुकसान कळतं ते डेव्हलप केल्यावर, तेव्हा ती माणसं आणि तो उजेड कुठून परत आणायचा?

यंत्र बदललं, हे त्याच्याशेजारी दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला कुणीच का सांगत नाही?