काजूच्या कलमाला हायड्रोजेल: जूनमध्ये नको, ऑक्टोबरात द्या

गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या मोरडीत, म्हणजे उंचावरच्या जांभ्या जमिनीत, काजूचं कलम जूनमध्ये लावलं की चार महिने पाण्याची ददात नसते. खरे हाल नोव्हेंबर ते मे. जांभ्याची खडेरी माती ओल धरत नाही, आणि कोवळं कलम पहिल्याच उन्हाळ्यात सुकतं. इथे हायड्रोजेल, म्हणजे पाणी शोषून फुगणारे दाणे, कामाला येतं. पण लावणीच्या खड्ड्यातच ते मिसळणं मला साफ चुकीचं वाटतं. पावसात ते सतत फुगलेलं राहतं, मातीतली हवा कोंडते, आणि निचरा नसलेल्या खड्ड्यात मुळं कुजतात.

शेतीचं जेल बहुधा पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचं असतं: जागोजागी गाठी मारलेल्या रेणूंच्या साखळ्यांचं जाळं. साखळ्यांवर ऋणभार, सोबत सुटे पोटॅशियम आयन. हे आयन पाणी आत ओढतात, गाठी जाळं विरघळू देत नाहीत. बाहेरच्या पाण्यात क्षार असले की ही ओढ कमी पडते. कॅल्शियम तर साखळ्यांना एकमेकींशी बांधून जाळंच आवळतो. म्हणून पावसाच्या पाण्यात दोनशेपट फुगणारं जेल मचूळ पाण्यात पन्नासपटीच्या आसपास अडतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीच्या, कडेला त्यावर पैसे घालू नका.

विकत घेण्याआधी 1 ग्रॅम जेल अर्धा लिटर पावसाच्या पाण्यात आणि 1 ग्रॅम तितक्याच विहिरीच्या पाण्यात दोन तास ठेवा, फडक्यातून गाळून वजन करा. विहिरीचा आकडा निम्म्याहून खाली आला तर जेलपेक्षा पाचोळ्याचं आच्छादन परवडेल.

पाऊस ओसरताना, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, 15 ग्रॅम जेल अडीच लिटर पावसाच्या पाण्यात भिजवा. खोडापासून फूटभर लांब, गोलाकार, पहारीनं सहा भोकं पाडा. 5 सेंटिमीटर रुंद, 25 खोल. प्रत्येकात साधारण 400 मिली फुगलेलं जेल घाला आणि वरचे 5 सेंटिमीटर मातीनं दाबून बंद करा. उघडं राहिलेलं जेल उन्हात लवकर खराब होतं. कोरडी भुकटी भोकात ठासली तर पहिल्या पाण्याला ती फुगून माती वर उचलते, मुळं उघडी पडतात.

मोरडीची माती आंबट, त्यामुळे चुना घालावा लागतोच. पण चुन्यातला कॅल्शियम जेल आवळतो, म्हणून तो या भोकांपासून लांब, बाहेरच्या वर्तुळात घाला. डायपर फोडून काढलेलं जेल वापरू नका, ते सोडियमचं असतं.

आणि सहा भोकांत मिळून पाणी जेमतेम अडीच लिटर. दोन पाण्यांमधलं अंतर वाढतं, पाणी द्यायचं मात्र चुकत नाही.