आता कोणी पाहत नाही, तं बरंच झालं

रात्रीचे साडेदहा. पोरगा-सून झोपले, लाईट संध्याकाळपासून गेली होती ती आत्ता आली, आणि माझी झोप गेली ती गेलीच. तर लिहूनच टाकते.

उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सोडली तेव्हा पहिलं काय दिसलं तर खिडकीचा पडदा, निळाशार! मला वाटलं दवाखान्यातल्यांनी रात्रीतून पडदा बदलला. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या आजी, डोळ्यातलं भिंग वयाबरोबर गढूळ होतं, पिवळं पडतं, मग निळा रंग दबून जातो, तुम्ही इतकी वर्षं कोऱ्या चहातून जग पाहत होत्या. घरी आल्यावर दुसरी मजा. स्वयंपाकघरातली जाळी दिसली, डब्यांवरचे तेलाचे डाग दिसले, आणि मग आरशात मी दिसली. बाप्पा! एवढ्या सुरकुत्या, गालावर वांग, हनुवटीवर पांढरे केस, गळ्याची कातडी लोंबून राहिली. म्हणजे हे सगळं तिथंच होतं, सगळ्या गावाला दिसत होतं, फक्त मालकिणीलाच पत्ता नव्हता. खरं तर वाईट वाटायला पाहिजे होतं पण हसूच आलं, कारण मी तर हेच थोबाड घेऊन मजेत हिंडून राहिली होती.

हे हसू मला विशीत आलं नसतं. मी काळी. सावळी वगैरे म्हणतात ते चारचौघात, घरात काळीच म्हणायचे. अकोटकडचं माझं माहेर, पाहायला पाहुणे यायचे तर आई आदल्या दिवसापासून साय-बेसन लावून तोंड घासायची, आणि पाहुणे चहा-पोहे खाऊन जायचे की निरोप यायचा, "पोरगी शिकेल हाय, पन रंगानं कमी हाय." एकानं तर चालून दाखवायला लावलं होतं. आता हे सुनेला सांगितलं तर तिला खोटं वाटतं. शेवटी इकडं दर्यापूर तालुक्यात लग्न झालं, नोकरीवाली पाहिजे होती म्हणून झालं हे मला चांगलं माहीत आहे. तरी हुंड्याची बोलणी झालीच, पण तो विषय नको आता, मग रात्र पुरणार नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा दुसऱ्या गावात. एसटीतून फाट्यावर उतरायच्या आधी डोक्यावर पदर घ्यायचा. शाळेत बाई, फाट्यापासून घरापर्यंत सून. ओसरीत मामंजी बसले असले तर मागच्या दारानं सांदवाडीतून आत जायचं, मोठे दीर आले तर बोलणं बंद, हसणं तर विचारूच नका, माझं हसणं आधीच मोठं. सासूबाई म्हणायच्या, "इतल्या जोरानं हासू नको व, बाहीर ऐकू जाते." वाईट नव्हत्या त्या. त्यांच्या सासूनं त्यांना याच्यापेक्षा जास्त दाबलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या, मामंजी त्याच्या आधीच गेले होते, मग मोठे दीर गेले, आणि एक दिवस पोळ्याच्या बैलांना ओवाळायला बाहेर आले तर लक्षात आलं की मी ज्याच्यासाठी पदर घ्यावा असं माणूसच गावात उरलं नाही. सगळ्यात मोठी बाई मीच! हात सवयीनं पदराकडे गेला आणि तिथंच थांबला. सुटले म्हणावं का पोरकी झाले म्हणावं, मला आजही कळत नाही. दोन्ही असेल.

लोक म्हणतात वय झालं की शहाणपण येतं म्हणून माणूस मोकळं होतं. माझ्याकडे पाहून तरी तसं काही वाटत नाही. मला वाटतं लोकांनी पाहणं सोडलं म्हणून मी मोकळी झाले. बाईकडे चाळीस वर्षं सगळे पाहत असतात, घरचे पाहतात, दारचे पाहतात, कुठं चालली, किती वाजता आली, ब्लाऊज कसं शिवलं. मग कधीतरी साठीच्या आसपास ते पाहणं बंद होतं, सुरवातीला जरा झोंबतं हे कबूल करते, लग्नाच्या मांडवात आपल्यासमोरून लोक आपल्याला न पाहताच पुढे जातात. पण मग समजलं की याच्यात किती फायदा आहे. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून मी एकटी चहा पिते. तिशीत प्यायले असते तर चहा थंड व्हायच्या आधी गोष्ट घरी पोचली असती.

आणखी एक, जे कोणी लिहीत नाही ते लिहिते. पाळी जाणं. साधारण ४५ ते ५५ च्या मध्ये जाते ती, माझी पन्नाशीला गेली. अंगातून वाफा निघायच्या, रात्री अंग घामानं भिजायचं, आणि त्यात आपला विदर्भातला मे महिना, कूलरसमोर ओला टॉवेल घेऊन बसायचे, चिडचिड तर इतकी की फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडायचा. पण ते दिवस संपले आणि "बाहेर बसणं" पण संपलं. आमच्या घरी कावळा शिवला की माजघर बंद, लोणच्याच्या बरणीला हात नाही, पाणी वरून वाढायचे. वर्गात पोरींना सांगायची की हा निसर्गाचा भाग आहे, विटाळ-बिटाळ काही नसतो, आणि घरी येऊन छपरीत बाजेवर वेगळी बसायची. आता महालक्ष्म्या आल्या की सोळा भाज्या, आंबील, सगळं करायला मला चार घरून बोलावणं, कारण म्हणे बाईचं सोवळं चालते. कालपर्यंत ज्या हातानं लोणचं नासत होतं त्याच हाताला आता मान! जाते मी, आंबील मला आवडते म्हणून जाते.

गेल्या आठवड्यात एकटी मोझरीला जाऊन आले, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला. दरवर्षी कोणी ना कोणी सोबत असायचं, या वर्षी बाया कापसाच्या वेचणीत अडकल्या, सोयाबीनचं पण काम बाकी, आणि मी म्हटलं मग मी एकटीच जाते. पोरगा म्हणे, "एकली काहून जातं?" म्हटलं पाय माझेच आहेत ना. एसटीत कंडक्टर न विचारताच हाफ तिकीट फाडते, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं झालं, मला तर आता ज्येष्ठ म्हणूनही अर्धंच, पण दोन अर्धी मिळून फुकट होत नाही, विचारून पाहिलं! पंच्याहत्तरीला पूर्ण फुकट आहे, तोवर गुडघे टिकले पाहिजेत. अमरावतीला गाडी बदलली, तिवस्याच्या अलीकडं उतरले. महाराज १९६८ साली गेले, मी तेव्हा लहान होते, बाबा खंजिरीवरची भजनं म्हणायचे तेवढं आठवते. ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असते. एवढा लाखाचा समुदाय आणि चिडीचूप, पोरं पण रडत नाहीत. माझ्या बाजूला उभ्या बाईनं नंतर विचारलं कोणासंगं आल्या, म्हटलं कोणासंगंच नाही. ती माझ्याकडे पाहतच राहिली, मग हळूच म्हणते, "मले बी यायचं हाय असं एकदा."

धाकट्या जाऊबाईचं मात्र वेगळं. धाकटे दीर गेले तेव्हा ती पन्नाशीची पण नव्हती, त्या दिवसापासून हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही, हातात बांगडी नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव घेतला, मग सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. मी ते मोबाईलवर तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. संक्रांतीला बाजारातून स्वतःच डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आली आणि ओट्यावर बसून सगळ्यांसमोर भरल्या. कुजबुज झाली. ती म्हणे, "साठीत कोनाले भ्याचं आता?" आणि हे खरंच आहे, पण मला राग याचाच येतो की तेवढ्या बांगड्यांसाठी साठी यावी लागली.

म्हणजे सगळं गोडच आहे असं नाही. शुगर आहे, पंगतीत खाली बसता येत नाही, आधी लाजायची, आता वाढायला सुरवात व्हायच्या आधीच खुर्ची मागून घेते. केसांचा डाय सोडला तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या बिमार होती का. त्यातल्या दोघी आता नाहीत, त्यांचे नंबर अजून फोनमध्ये आहेत. हे म्हातारपणात फार वाईट, बाकी सुरकुत्यांचं काही नाही.

आता सुनेचं. तिच्या बचत गटातल्या बाया चिखलदऱ्याला जाणार आहेत, एक रात्र मुक्काम. ती आठ दिवसांपासून माझ्याभोवती घुटमळून राहिली, विचारत नाही, नुसतं भांडी आपटते. आज मीच म्हटलं जा, आणि थंडीचा स्वेटर घेऊन जा. तर पोरगा म्हणे, आई, मग भाकरी? म्हटलं बाबू, पीठ डब्यात आहे, तवा मोरीत आहे, आणि माझा भरवसा धरू नको, मी त्या दिवशी जाऊबाईला घेऊन शेगावला जाणार आहे. हे आत्ताच ठरलं, जाऊबाईला उद्या सकाळी सांगायचं आहे.